आमच्या नावावर ही वाटणी करू नका : इंग्लिश प्रीमियर लीगच्या वीस फुटबॉल क्लबांना खुले पत्र

प्रति,
प्रीमियर लीगचे वीस भागधारक क्लब,
लंडन

विषय : टीव्हीच्या पैशांची वाटणी आणि खालच्या ७२ क्लबांचा हिस्सा

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. तुमच्यापैकी एकाही क्लबच्या स्टेडियममध्ये मी कधी बसलेलो नाही, पुढंही बसेन असं वाटत नाही. तरी तुमच्या हिशेबाच्या वहीत मी आहे. ‘परदेशी प्रक्षेपण हक्क’ असा जो रकाना आहे, त्यात माझ्यासारखे कोट्यवधी लोक आहेत. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांच्या करारांत परदेशातून येणारी रक्कम ब्रिटनमधल्या करारापेक्षा पहिल्यांदाच मोठी झाली. म्हणजे आता तुमच्या घरात येणाऱ्या टीव्हीच्या पैशांत आम्हा बाहेरच्यांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. ज्याचे पैसे आहेत त्याला चार शब्द बोलायचा हक्क असतो, एवढं धरून हे पत्र लिहितोय. आणि ते जाहीर लिहितोय, कारण इथं ते वाचणारे बहुतेक जण दर शनिवारी तुमचाच सामना लावून बसतात.

लिहायला कारण दोन निर्णयांचं. एक जुना, एक ताजा.

जुना निर्णय जून २०१८ चा. तोपर्यंत परदेशी हक्कांचे पैसे तुम्ही वीस जणांत अगदी सारखे वाटत होता. पहिला आला त्यालाही तेवढेच, विसावा आला त्यालाही तेवढेच. मग मोठ्या सहा क्लबांनी रेटा लावला. मुद्दा असा की, मुंबई, बँकॉक, लागोसमधला माणूस टीव्ही लावतो तो आम्हाला बघायला, छोट्या क्लबांना बघायला नव्हे. मग पैसे सारखे का? शेवटी तुम्ही ठरवलंत की २०१९-२० पासून परदेशी हक्कांच्या रकमेत जी वाढ होईल ती पॉइंट टेबलातल्या क्रमांकानुसार वाटायची, आणि सगळे पैसे धरून पहिल्या-शेवटच्या क्लबमधलं अंतर १.८ पटींपर्यंत जाऊ द्यायचं.

ताजा निर्णय नोव्हेंबर २०२५ चा. त्यावर पुढं येतो, कारण तो कळायला आधी थोडा मागचा हिशेब मांडावा लागेल.

आधी माझं काय अडलंय ते सांगतो. कोल्हापुरात फुटबॉल टीव्हीमुळं आलेला नाही. इथं पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की त्या दिवशी शहरातली निम्मी कामं थांबतात. या संघांत खेळणारं पोर कुणाचं, कुठल्या बोळातलं, त्याचा बाप कुठल्या फळीत खेळायचा, हे गॅलरीतल्या माणसाला माहीत असतं. मी स्वतः पेठेच्या संघातून खेळलो, आता सकाळी लहान पोरांचा सराव घेतो. त्यामुळं क्लब म्हणजे काय आणि तो एका वस्तीला काय असतो, हे मला परदेशातून शिकायची गरज पडली नाही. बरी, ल्युटन, लेस्टर या गावांशी माझं नातं जुळलं ते यातूनच.

आता हिशेब.

इंग्लंडमध्ये पूर्वी ९२ क्लबांची एकच लीग होती, चार डिव्हिजनांची. १९८५-८६ पर्यंत टीव्हीचे जे काही पैसे येत ते या ९२ क्लबांत सारखे वाटले जात. १९८३ पर्यंत तर यजमान क्लब तिकिटांच्या गल्ल्यातला हिस्सा पाहुण्या संघालाही देत असे, कारण सामना दोघांनी मिळून होतो हे सगळ्यांना मान्य होतं. पुढं वरच्या डिव्हिजननं आपला वाटा आधी ५० टक्क्यांवर, मग ७५ टक्क्यांवर नेला, आणि १९९२ मध्ये ती डिव्हिजन बाहेरच पडली. तीच तुमची प्रीमियर लीग. पहिला टीव्ही करार पाच वर्षांसाठी ३०.४ कोटी पौंडांचा होता. २०२५ ते २०२९ या चार वर्षांसाठी नुसत्या ब्रिटनमधल्या हक्कांचे तुम्हाला ६७० कोटी पौंड मिळणार आहेत. परदेशचे वेगळे.

तुमच्या खालचे ७२ क्लब म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीग. तिच्या तिन्ही डिव्हिजनांचा २०२४ ते २०२९ चा करार साधारण ९३.५ कोटी पौंडांचा आहे. म्हणजे वर्षाला १९ कोटींच्या आत, तेही ७२ जणांत. त्याच सुमारास, २०२३-२४ च्या हंगामात, प्रीमियर लीगमध्ये विसाव्या क्रमांकावर आलेल्या शेफील्ड युनायटेडला टीव्हीच्या वाटणीतून जवळजवळ ११ कोटी पौंड मिळाले. ३८ सामन्यांत १०४ गोल खाऊन, १६ गुणांवर हंगाम संपवून. मला शेफील्डचा राग नाही. फुटबॉल क्लबचे पहिलेवहिले नियम ज्या गावात लिहिले गेले ते हे गाव. पण विसाव्या आणि एकविसाव्या क्रमांकामध्ये कुणी इतकी उंच भिंत बांधली असेल, तर तिच्याकडं बोट दाखवावंच लागतं.

या भिंतीची सावली इंग्लंडच्या बाहेरही पडते. नेदरलँड्सच्या अख्ख्या पहिल्या डिव्हिजननं २०१२ मध्ये टीव्ही हक्क बारा वर्षांसाठी सुमारे १०० कोटी युरोंना विकले. वर्षाला आठ-साडेआठ कोटी, आणि त्यात आयॅक्स, पीएसव्ही, फेयेनोर्ड सगळे आले. तिघंही युरोपचे माजी विजेते. इंग्लंडमध्ये शेवटचा येणारा एकटा क्लब याहून जास्त घेऊन जातो. २०१९ मध्ये आयॅक्सच्या पोरांनी चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल गाठली आणि त्याच उन्हाळ्यात डी लिख्ट युव्हेंटसला, डी यॉंग बार्सिलोनाला गेला. २००४ मध्ये पोर्तुगालचा पोर्तो चॅम्पियन्स लीग जिंकला, त्यानंतर इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी, फ्रान्स या पाच मोठ्या लीगांबाहेरच्या एकाही क्लबनं तो करंडक उचललेला नाही. १९८६ मध्ये तो बुखारेस्टला गेला होता आणि १९९१ मध्ये बेलग्रेडला. आमच्या पेठेतल्या आजच्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

आता तुमच्या मुद्द्याकडं येतो. परदेशी प्रेक्षक फक्त मोठ्यांना बघतो म्हणे.

२०१५-१६ चा हंगाम आठवा. लेस्टर सिटी चॅम्पियन झालं, ज्यावर बुकींनी एकाला पाच हजारांचा भाव लावला होता. त्या वर्षी आमच्या तालमीच्या खोलीत, जिथं एरवी युनायटेड, आर्सेनल आणि चेल्सीवाले तीन कोपऱ्यांत बसायचे, तिथं मार्चनंतर सगळे लेस्टरचे झाले होते. वार्डी काही वर्षांपूर्वीपर्यंत कारखान्यात काम करत करत लीगबाहेरच्या संघांतून खेळत होता, हे कळल्यावर इथल्या पोरांना झोप येईना. वार्डी, महरेझ, कांते ही नावं इथं कुणाला माहीत नव्हती. वर्षभरात भिंतींवर आली. तो प्रेक्षक मोठा क्लब बघायला आला नव्हता. कोण जिंकेल हे सांगता येत नव्हतं, म्हणून तो आला होता. आणि वाटणीत काय झालं? चॅम्पियन लेस्टरला त्या वर्षी सुमारे ९.३ कोटी पौंड मिळाले, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलला १० कोटींवर, कारण आर्सेनलचे सामने टीव्हीवर जास्त दाखवले गेले होते आणि त्या प्रत्येक सामन्याचे वेगळे पैसे मिळतात. जगाला लेस्टर हवं होतं तेव्हाही गणित आर्सेनलच्या बाजूनं झुकलं.

आमचं शहर कुस्तीचं. खासबागच्या मैदानात लोक लांबून येतात ते जोड बघायला. तुल्यबळ पैलवान नसेल तर कितीही नावाजलेला मल्ल असो, मैदान भरत नाही. तुमच्या मोठ्या क्लबांना हे कळत नसेल असं मी मानत नाही. म्हणूनच त्यांनी प्रेक्षकाचं नाव पुढं करून मागितलेला जादा वाटा मला डाचतो. माझ्या घरात येऊन मला न विचारता माझ्या नावानं केलेली ती मागणी आहे.

दुसरी तक्रार पॅराशूट पेमेंटची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हीच गोष्ट करते. जो क्लब तुमच्या लीगमधून खाली जातो त्याला, वरच्या प्रत्येक क्लबला सारखा मिळतो त्या वाट्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि, वर एकाहून जास्त हंगाम काढला असेल तर, २० टक्के तिसऱ्या वर्षी मिळतात. पहिल्याच वर्षी चार कोटी पौंडांच्या वर. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे तुमच्या लगेच खालच्या डिव्हिजनमध्ये, त्याच्यासमोर जो क्लब खेळतो, जो कधी वर गेलाच नाही, त्याला तुमच्याकडून मिळतात साधारण ५० लाख. एकाच मैदानावर, एकाच स्पर्धेत, आठ-नऊ पट फरक. २०२४-२५ मध्ये चॅम्पियनशिपच्या टेबलात पहिले तीन कोण होते? लीड्स, बर्नली, शेफील्ड युनायटेड. तिघंही पॅराशूटचे पैसे घेणारे. लीड्स आणि बर्नलीचे प्रत्येकी १०० गुण. बर्नलीनं ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले.

ज्यांना हे पैसे नाहीत ते काय करतात? उधारीवर बरोबरी करायला जातात. चॅम्पियनशिपमध्ये क्लब आपल्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून जास्त रक्कम पगारांवर घालवतात, काही हंगामांत १०० टक्क्यांच्याही वर गेलीय. मालक खिशातून घालतो तोवर चालतं. तो कंटाळला की क्लब गाळात. डर्बी काउंटी, १८८४ चा क्लब, दोनदा इंग्लंडचा चॅम्पियन, २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेला आणि २१ गुण कापले जाऊन खाली घसरला. पगार भागत नाही हे तिथल्या तिकीटखिडकीवरच्या बाईला आधी कळतं, मालकाला मागाहून. खेळाडू दुसरीकडं जातात. ती कुठं जाणार?

तुम्ही म्हणता की पॅराशूट नसेल तर वर आलेले क्लब घाबरून खर्चच करणार नाहीत आणि स्पर्धा कमजोर होईल. बघू या. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही क्लब खाली गेले : ल्युटन, बर्नली, शेफील्ड. २०२४-२५ मध्ये पुन्हा तिन्ही : लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन. साउदॅम्प्टनचे हंगामभरात १२ गुण. लागोपाठ दोन वर्षं असं तुमच्या लीगच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. म्हणजे पॅराशूट असूनही वरची स्पर्धा कमजोर झाली, आणि खालची बिघडली ती वेगळीच. २०२५ मध्ये सन्डरलँड पॅराशूटशिवाय वर आलं आणि झपाट्यानं स्थिरावलं, हे उदाहरण तुम्ही द्याल. द्या. पण त्यासाठी एका उन्हाळ्यात १५ कोटी पौंडांहून जास्त रकमेचे खेळाडू घ्यावे लागले, हेही सोबत सांगा. ते परवडणारे मालक ७२ पैकी किती जणांकडं आहेत?

ल्युटनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्या क्लबनं मला वर्षभर जागं ठेवलं. २००८-०९ मध्ये ३० गुण कापले गेले म्हणून हा क्लब लीगबाहेर फेकला गेला, २०१४ मध्ये परतला आणि २०२३ मध्ये थेट तुमच्यात आला. त्यांचं केनिलवर्थ रोड मैदान टीव्हीवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उठून स्क्रीनजवळ गेलो. पाहुण्या प्रेक्षकांचं फाटक घरांच्या रांगेत घुसवलंय. विटांची घरं, खिडक्यांना पडदे, आणि दोन घरांच्या मधून आत शिरलं की लोकांच्या परसांवरून जाणारा जिना. खाली कुणाची तरी कपड्यांची दोरी. आमच्या पेठेतलं मैदान असंच घरांच्या पाठीला पाठ लावून आहे. बॉल गेला की कुणाच्या तरी न्हाणीघराच्या पत्र्यावर. तर या ल्युटनला पहिला घरचा सामना पुढं ढकलावा लागला, कारण तुमच्या प्रक्षेपणाच्या अटी पुऱ्या करण्यासाठी एक अख्खा स्टँड नव्यानं बांधायचा होता आणि तो वेळेत झाला नाही. कॅमेऱ्यासाठी त्यांनी आपलं घर पाडून बांधलं. वर्षभर जिवाच्या करारानं खेळले, अठरावे आले, खाली गेले. पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये. पॅराशूटचे पैसे हातात असतानाही. वर येण्यासाठी आणि टिकण्यासाठी क्लबला स्वतःला किती ताणावं लागतं आणि ताण सुटला की काय होतं, हे त्यात दिसतं.

बरीचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मँचेस्टरच्या उत्तरेला, तुमच्या दोन सगळ्यात श्रीमंत क्लबांपासून काही मैलांवरचं गाव. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकलेला. १९०३ च्या फायनलमध्ये डर्बीला ६-० हरवलेला. २७ ऑगस्ट २०१९ ला त्याला लीगमधून काढून टाकलं. बरी बुडालं ते मालकांच्या कारभारामुळं, एकट्या टीव्हीच्या वाटणीमुळं नव्हे. तो आळ मी तुमच्यावर घेत नाही. पण एक विचारतो. त्याच उन्हाळ्यात तुमच्या वीस जणांनी खेळाडूंवर १०० कोटी पौंडांहून जास्त उधळले होते. शेजारच्या गावचा १३४ वर्षांचा क्लब त्याच उन्हाळ्यात बंद पडतो आणि वरच्या मजल्यावर त्याचा आवाजही येत नाही, हे कुणालाच कसं खटकलं नाही?

तिसरी गोष्ट पोरांची. २०१२ पासून इंग्लंडमध्ये अकादमीतली पोरं मोठ्या क्लबनं नेली तर छोट्या क्लबला किती भरपाई द्यायची याचे ठरीव दर लागू आहेत. नवव्या वर्षापासून सांभाळलेलं पोर सोळाव्या वर्षी ठरीव दरानं जातं. ब्रेंटफर्ड तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये होतं. २०१६ मध्ये त्यांनी अकादमीच बंद करून टाकली, कारण वाढवायचं आम्ही आणि न्यायचं दुसऱ्यानं, हे परवडेना. मी पोरांना शिकवतो. एका पोराचा डावा पाय सरळ पडायला लागावा म्हणून सकाळी सहाला भिंतीवर किती बॉल मारून घ्यावे लागतात ते मला माहीत आहे. ज्याच्या भिंतीवर ते बॉल मारले गेले त्याचा वाटा पुढं त्या पायाच्या किमतीत असला पाहिजे. टीव्हीच्या पैशांचा खाली जाणारा हिस्सा याच हिशेबात धरायला हवा. त्याला दान म्हणू नका.

आता नोव्हेंबर २०२५. मार्च २०२४ मध्ये खालच्या लीगला नवा वाटा देण्याचा प्रस्ताव तुमच्यापुढं आला होता. सुमारे ९० कोटी पौंडांची चर्चा होती. तुम्ही तो बाजूला ठेवलात. कारण दिलंत की आधी आमच्या आमच्यातले खर्चाचे नियम ठरू देत, मग खालच्यांचं बघू. ठीक. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते नियम ठरले. चौदा विरुद्ध सहा मतांनी तुम्ही मान्य केलंत की २०२६-२७ पासून संघावरचा खर्च क्लबच्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत चालेल. सगळ्यांत कमी कमावणाऱ्या क्लबच्या टीव्ही उत्पन्नाच्या पटीत वरच्यांच्या खर्चाला मर्यादा घालायचा दुसरा प्रस्तावही होता. त्याला पुरेशी मतं मिळाली नाहीत.

पहिल्या नियमाचा अर्थ सरळ आहे. ज्याचं उत्पन्न मोठं त्याची मर्यादा मोठी. ७० कोटी कमावणारा जवळजवळ ६० कोटी खर्चू शकतो, १७ कोटी कमावणारा साडेचौदा. आणि उत्पन्न कशावरून मोठं होतं? क्रमांकावरून, चॅम्पियन्स लीगवरून, आणि ज्या परदेशी पैशांची वाढ तुम्ही २०१८ मध्ये क्रमांकाला बांधलीत त्यावरून. चॅम्पियन्स लीगमध्येही २०२४ पासूनच्या वाटणीत ३५ टक्के रक्कम मागच्या वर्षांची कामगिरी आणि देशाच्या टीव्ही बाजाराची किंमत बघून दिली जाते. काल जिंकला म्हणून आज पैसे, आज पैसे म्हणून उद्या जिंकणार. या चक्राला बाहेरून शिरायची फटच तुम्ही बुजवत आणलीय. आणि ज्या नियमांसाठी खालच्यांना थांबवलं होतं ते तर झाले. आता थांबायचं कारण काय उरलं?

दुसऱ्या देशांत हे जमलंच नाही असंही नाही. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतः विकायचा. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना १४ कोटी युरोंच्या आसपास घ्यायचे, शेवटचे क्लब दोन कोटींच्या आसपास. सरकारनं त्या वर्षी कायदा केला, हक्क एकत्र विकायला लावले, पहिल्या डिव्हिजनची निम्मी रक्कम सारखी वाटायला लावली आणि एकूण पैशांतला दहावा हिस्सा दुसऱ्या डिव्हिजनला दिला. अजून बरंच अंतर आहे, पण दिशा बदलली. जर्मनीत डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या टीव्ही हक्कांतला वाटा बाहेरच्या गुंतवणूकदाराला द्यायचा घाट घातला होता. प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे बॉल फेकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत मागं घ्यायला लावला. फ्रान्सकडंही बघा, वेगळ्या कारणासाठी. मीडियाप्रो या कंपनीनं २०१८ मध्ये वर्षाला ७० कोटी युरोंच्या वरचा करार केला, २०२० मध्ये तो लागू झाल्यावर काही महिन्यांत हात वर केले, आणि त्यानंतर तिथली लीग सावरलेली नाही. सहा वेळा चॅम्पियन झालेलं बोर्दो २०२४ मध्ये चौथ्या डिव्हिजनमध्ये गेलं. टीव्हीचा पैसा आटला की आधी कोण मरतं, ते तिथं दिसलं.

तुमच्याबद्दल एक चांगली गोष्टही लिहितो, आणि मनापासून. युरोपातल्या मोठ्या लीगांमध्ये सगळ्यात न्याय्य वाटणी इतकी वर्षं तुमचीच होती. ब्रिटनमधल्या करारातली निम्मी रक्कम आजही तुम्ही सारखी वाटता, पहिल्या आणि शेवटच्या क्लबमध्ये आजही दुपटीचं अंतर नाही. त्यामुळंच तुमचा शनिवार जगाला बघावासा वाटतो. ज्या तत्त्वावर तुम्ही मोठे झालात तेच विसाव्या क्रमांकाखाली न्यायला तुम्ही तयार नाही, हे मला कळत नाही.

आणखी एक. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट सामना टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, लोकांनी गावच्या क्लबच्या मैदानावर जावं म्हणून. उत्तम नियम आहे. पण तोच तीनचा सामना आम्ही इथं साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला, आरामात घरी बघतो. आमच्या सोयीचे म्हणून दुपारी साडेबाराचे सामने ठेवता, तेव्हा न्यूकॅसलचा माणूस पहाटे उठून लंडनला निघतो. आम्हाला जे मिळतं त्याची किंमत तिथला प्रेक्षक मोजतो. म्हणून त्याच्या गावच्या क्लबला आमच्या पैशांतला वाटा मिळाला, तर आमच्यापैकी कुणी तक्रार करणार नाही.

माझ्या मागण्या अशा :

१. परदेशी हक्कांची सगळी रक्कम, वाढीसकट, पूर्वीसारखी वीस क्लबांत सारखी वाटावी. वेगळी वाटणी हवीच असेल तर तिचं कारण परदेशी प्रेक्षकाच्या नावावर देऊ नये.

२. खालच्या लीगचे अध्यक्ष रिक पॅरी गेली काही वर्षं मागताहेत तो २५ टक्के वाटा, दोन्ही लीगांचे टीव्हीचे पैसे एकत्र धरून, मान्य करावा. ते प्रीमियर लीगचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी होते. तुमचा व्यवहार त्यांना आतून माहीत आहे.

३. पॅराशूट पेमेंट टप्प्याटप्प्यानं बंद करून ती रक्कम चॅम्पियनशिपच्या सगळ्या क्लबांत वाटावी. खाली गेल्यावर पगार कमी होईल असं कलम प्रत्येक खेळाडूच्या करारात सक्तीचं करावं. खड्ड्यात पडायची भीती त्यानं निघते.

४. हा पैसा घेणाऱ्या खालच्या क्लबांवरही पगाराची मर्यादा असावी. नाहीतर तो सरळ एजंटांच्या आणि खेळाडूंच्या खिशात जाईल. ही अट ७२ क्लबांनीही मान्य केली पाहिजे, आणि त्यांनाही मी हे तितक्याच स्पष्टपणे सांगतोय.

५. अकादमीतल्या पोरांच्या भरपाईचे दर पुन्हा ठरवावेत, आणि ते ठरवताना छोट्या क्लबांना बरोबरीनं बसवावं.

६. हे सगळं स्वतःहून करावं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला. दोन लीगांचं जमलं नाही तर निवाडा द्यायचा अधिकार त्याला आहे, आणि पॅराशूटही त्याच्या कक्षेत आहे. तिथवर जाण्याची वाट बघू नका. वकिलांवर जाणारे पैसेही शेवटी आमच्याच वर्गणीतले असतात.

तुमच्यात प्रत्येक क्लबला एक मत आहे आणि ठराव व्हायला चौदा मतं लागतात. तुमच्यापैकी निम्म्याहून जास्त क्लब गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कधी ना कधी खाली राहून आलेले आहेत. पुढच्या बैठकीत हा विषय पटलावर घ्या, आणि कोणत्या क्लबनं कोणत्या बाजूनं मत दिलं ते जाहीर करा. आम्ही इथं ती यादी वाचू.

आपला,
पेठेतला एक प्रेक्षक,
कोल्हापूर